आयरिश माणसांच्या दीर्घ मुलाखती आणि आमच्या गावात फसलेली एक मुलाखत

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावाचे वाचनालय दर वर्षी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने एक स्मरणिका काढते. तिची निम्मी पाने दुकानदारांच्या शुभेच्छांनी भरतात आणि उरलेली मान्यवरांच्या संदेशांनी. ती कोणी वाचत नाही, पण आपला फोटो छापला आहे की नाही हे मात्र प्रत्येक जण बघतो. या वर्षी आम्ही ठरवले की गावातील आठ-दहा वृद्ध स्त्री-पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घ्यायच्या आणि त्याच छापायच्या. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे हे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले.

पहिली मुलाखत १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेल्या एका काकांची घेतली. त्यांनी इस्त्रीची टोपी घातली, खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली आणि ते चाळीस मिनिटे बोलले. घरी येऊन ऐकले तेव्हा लक्षात आले की, १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी ते जे भाषण करतात तेच जवळजवळ शब्दशः माझ्या मोबाईलमध्ये उतरले आहे. खरी गोष्ट त्यानंतर घडली. मी मोबाईल बंद केला, काकूंनी चहा आणला, आणि बशीत चहा ओतता ओतता काका त्यांना म्हणाले, "ते माझं घड्याळ बघ, जेलच्या दारात काढून घेटलं ते काय परत दिलं नाहीत. वर्षभर मनगटाकडंच बघत होतो की मी." सासऱ्यांनी लग्नात दिलेले ते घड्याळ होते, एवढे काकूंनी सांगितले. मी घाईघाईने पुन्हा मोबाईल काढला, तसे काका सावरून बसले आणि भाषण पुढे सुरू झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गेली दोन-तीन वर्षे मी आयर्लंडमधील नामवंतांच्या दीर्घ मुलाखती आवडीने वाचत आणि ऐकत आहे. त्याची सुरुवात शेमस हीनी या कवीच्या मुलाखतींच्या पुस्तकापासून झाली. मग तेथील नभोवाणीवरच्या जुन्या मुलाखती ऐकण्याचा नाद लागला. लेखक, राजकारणी, नट, गायक अशी ही माणसे आपल्या आयुष्याबद्दल आणि कामाबद्दल बोलताना घड्याळाच्या गोष्टीपर्यंत पोहोचतात, भाषणापाशी थांबत नाहीत. आयरिश माणूस जात्याच गप्पिष्ट असतो असे म्हणतात, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. आमच्या मारुतीच्या कट्ट्यावरची माणसे त्या बाबतीत कोणाला हार जाणारी नाहीत. तेव्हा फरक विचारणाऱ्याच्या कौशल्यात आणि तयारीत असला पाहिजे.

ज्यांनी या मुलाखती बारकाईने पाहिल्या आहेत त्यांनी सांगावे की, कोणत्या मुलाखती अभ्यासाव्यात आणि आमच्यासारख्या हौशी माणसाने त्यांतून काय उचलावे. आणखी एक अडचण अशी की, आमच्या माणसांच्या मराठीत कानडी शब्द आणि कानडी वळणे सर्रास येतात. छापताना ती तशीच ठेवावीत की पुस्तकी मराठीत आणावीत? याविषयी तिकडचा काही अनुभव असल्यास तोही वाचायला आवडेल.

टिळकवाडीची वाचक

सर, हीनींचे ते पुस्तक माझ्याही संग्रहात आहे. ते नेमके कसे तयार झाले हे पाहिले, तर तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळते. मुलाखतकार डेनिस ओड्रिस्कॉल स्वतः चांगले कवी होते, आणि पोटापाण्यासाठी त्यांनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून आयरिश सरकारच्या महसूल खात्यात नोकरी केली. (आपल्याकडच्या महसूल खात्याच्या खिडकीवर तासभर उभे राहून आलेल्या कोणालाही यावर विश्वास ठेवणे कठीण जाईल, पण माणूस अतिशय जिव्हाळ्याचा होता म्हणतात.) २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातील बहुतांश मुलाखत समोरासमोर झालेलीच नाही. ओड्रिस्कॉल प्रश्न लिहून टपालाने पाठवत आणि हीनी सवडीने लेखी उत्तरे देत. हे काम कित्येक वर्षे चालले होते.

प्रश्नांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. पुस्तकाचा कणा म्हणजे हीनींचे एकेक कवितासंग्रह. त्या त्या संग्रहाच्या आधाराने त्या काळातील घर, नोकरी, मित्र, राजकारण असे प्रश्न येत जातात. "आपल्या जीवनाविषयी दोन शब्द सांगा" अशा प्रश्नाला माणूस भाषणच करणार, कारण दुसरे काय करावे हे त्याला सुचत नाही. उलट हातात धरता येईल अशी एखादी वस्तू, एखादी कविता, एखादी जागा समोर ठेवून विचारले की आठवणीला टेकायला खुंटी मिळते. हीनी डेरी परगण्यातील मॉसबॉन या शेतावरच्या घरात १९३९ साली जन्मले. वडील गुरांचे व्यापारी, आणि नऊ भावंडांत हे थोरले. १९९५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी त्या घराचे वर्णन केले आहे. घराजवळून आगगाडी गेली की स्वयंपाकघरालगतच्या खोलीत ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या बादलीत बारीक लहरी उठत, आणि मग पाणी पुन्हा स्थिर होई. खानापूर-लोंढा मार्गालगत ज्यांचे बालपण गेले असेल त्यांना हे वाचताना आपल्या घरची घागर आठवल्याशिवाय राहणार नाही. अशी बादली माणसाच्या तोंडून काढायची असेल तर बादलीविषयीच विचारावे लागते.

मात्र या पद्धतीचा एक तोटाही सांगायला हवा. लेखी उत्तरांत माणूस स्वतःचा संपादक होऊन बसतो. हीनींची उत्तरे इतकी घडीव आहेत की कोठेही अडखळणे नाही, वाक्य अर्धवट सोडणे नाही, नंतर बदललेले मत नाही. कवीच्या बाबतीत ते खपून जाते, कारण शब्द हेच त्याचे काम. तुमच्या काकांना मात्र कागद-पेन दिले तर ते पुन्हा भाषणच लिहून देतील. तेव्हा टपालाचा भाग सोडा आणि तयारीचा तेवढा घ्या. आदल्या दिवशी जाऊन नुसत्या गप्पा माराव्यात, घरातले जुने फोटो, वहीखाते, पेटीतली कागदपत्रे पाहावीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील एकेक वस्तू पुढे करून विचारावे.

जुना आवाज

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात तीस वर्षे घालवली, म्हणून कानाच्या बाजूने लिहितो.

आयरिश नभोवाणीवरील एक मुलाखत मी कितीतरी वेळा ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण ऐकवतेच असे नाही. एप्रिल २००८ मध्ये मॅरियन फिनुकेन यांनी नुआला ओफ्वेलॉन यांच्याशी केलेली ही बातचीत. नुआला मोठ्या स्तंभलेखिका. १९९६ साली त्यांचे आत्मकथन आले आणि गे बर्न यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात त्यांनी त्याविषयी मोकळेपणाने उत्तरे दिली, तेव्हापासून त्या घराघरांत पोहोचल्या. २००८ च्या सुरुवातीला त्यांना कर्करोगाचे निदान झाले. तो अनेक अवयवांत पसरला होता, आणि केमोथेरपी घ्यायची नाही असे त्यांनी ठरवले. मॅरियन त्यांच्या जुन्या मैत्रीण. मरण समोर दिसत असताना नुआला धीराच्या गोष्टी सांगत नाहीत. आयुष्यातला रसच निघून गेला, आवडती पुस्तकेही आता काही देत नाहीत, असे त्या रडत रडत सांगतात, आणि परलोकावर आपला विश्वास नाही हेही स्पष्ट बोलतात. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

आता मॅरियन काय करतात ते ऐका. त्या सांत्वन करत नाहीत. आपल्याकडे अशा वेळी मुलाखतकार लगेच "असं म्हणू नका हो, देव आहे ना" असे म्हणून मोकळा होतो आणि बोलणाऱ्याचे तोंड तेथेच बंद होते. मॅरियन यांनी स्वतःची लहान मुलगी १९९० साली रक्ताच्या कर्करोगाने गमावली होती. मृत्यूविषयी त्यांना काही कळत नव्हते असे नाही. तरीही त्या स्वतःचे दुःख मध्ये आणत नाहीत. छोटा प्रश्न विचारतात आणि थांबतात. त्या थांबण्यात जे ऐकू येते ते कोणत्याही प्रश्नाने मिळाले नसते.

गे बर्न यांचे उदाहरण वेगळे आहे. त्यांनी १९६२ पासून १९९९ पर्यंत शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री होणारा गप्पांचा साप्ताहिक कार्यक्रम केला. ज्या देशात घरात, शाळेत आणि चर्चमध्ये काही विषय उच्चारायचेच नाहीत असा दंडक होता, तेथे ते विषय बैठकीच्या खोलीत आले ते बऱ्याच अंशी या माणसामुळे. १९८४ साली ग्रॅनार्ड गावात पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी गुपचूप बाळंत होताना मरण पावली. त्यानंतर देशभरातील बायकांनी आपापल्या दडवून ठेवलेल्या हकिगती बर्न यांच्या नभोवाणी कार्यक्रमाला पत्राने कळवल्या आणि ती पत्रे कोणतेही भाष्य न करता एकामागून एक वाचून दाखवण्यात आली. ही रूढ अर्थाने मुलाखत नाही, पण ऐकून घेण्याचा याहून मोठा नमुना मला ठाऊक नाही. उतारवयात त्यांनी श्रद्धेविषयीची एक मुलाखतमाला केली. २०१५ साली तीत स्टीफन फ्राय या इंग्लिश नटाला त्यांनी विचारले की, देव खरेच भेटला तर त्याला काय म्हणाल. फ्राय यांनी लहान मुलांच्या कर्करोगाचा जाब विचारणारे जळजळीत उत्तर दिले. बर्न वाद घालत नाहीत, नुसते बघत राहतात. त्या कार्यक्रमावर ईशनिंदेची तक्रार झाली, २०१७ मध्ये पोलिसांनी ती सोडून दिली, आणि २०१८ च्या सार्वमताने ईशनिंदेचा गुन्हा आयर्लंडच्या राज्यघटनेतूनच काढण्यात आला.

याच्या उलट टोकाला आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेट. १९६९ साली नोबेल जाहीर झाल्यावर स्वीडनच्या दूरचित्रवाणीसमोर येण्यास ते तयार झाले, पण एकही प्रश्न विचारायचा नाही या अटीवर. तेव्हा गप्पिष्ट आयरिश माणसाची गोष्ट सरांनी बाजूला ठेवली ते बरेच केले.

दोन व्यावहारिक सूचना. पंखा बंद करा. उकडेल, पण पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. मोबाईल टेबलावर उघडा ठेवू नका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर कपबशी ठेवल्याचा आवाज तोफेसारखा येतो. आणि चहा मुलाखतीनंतर कशाला? आधीच घ्या, आणि मोबाईल चहाच्या वेळेपासूनच चालू असू द्या. अर्थात त्यांना सांगून.

चव्हाट गल्ली

एक शंका विचारतो, राग मानू नये. दिवाळी अंकांतून आपल्याकडे उत्तमोत्तम दीर्घ मुलाखती येत आल्या आहेत. मग त्यासाठी आयर्लंडपर्यंत जाण्याचे प्रयोजन काय?

वेदगंगा

चव्हाट गल्लीकरांची शंका रास्त आहे, पण आयर्लंड बेळगावला वाटते तितके लांब नाही. टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावच्या प्रांतिक परिषदेत, २८ एप्रिल १९१६ रोजी, आणि 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडच्या चळवळीतून उचललेला होता. योगायोग असा की त्याच आठवड्यात, २४ ते २९ एप्रिल या काळात, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव चालू होता. आपल्याकडे होमरूलची मागणी नुकतीच उभी राहत होती आणि तिकडे त्या सनदशीर मागणीची वाट पाहून कंटाळलेले लोक बंदुका घेऊन टपाल कचेरीत शिरले होते.

मी ही तारीख काढली ती मुलाखतींच्याच संदर्भात. डब्लिनच्या त्या आठवड्यात आणि त्याच्या मागच्या-पुढच्या स्वातंत्र्यलढ्यात जे जे होते त्यांच्या साक्षी घेण्यासाठी आयर्लंडच्या सरकारने १९४७ साली एक स्वतंत्र कार्यालय काढले. दहा वर्षांत १,७७३ साक्षी नोंदवल्या गेल्या. त्यांत सेनानी होते तसे निरोप पोहोचवणाऱ्या मुली आणि जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बायकाही होत्या. त्या साक्षी कुलूपबंद ठेवण्यात आल्या आणि २००३ साली अभ्यासकांना खुल्या झाल्या. आता त्या इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. बेळगावच्या मांडवात सतरंजीवर बसून ज्यांनी टिळकांना ऐकले, त्यांच्या मांडीला मांडी लावून कोणी असे विचारल्याचे कागद मला तरी आजवर पाहायला मिळालेले नाहीत. तिकडे जाण्याचे प्रयोजन हे.

तरी त्या साक्षींतही एक मोठी उणीव आहे. त्यांचा कालखंड १९१३ मध्ये सुरू होतो आणि जुलै १९२१ च्या युद्धबंदीपाशी थांबतो. त्यानंतर लगेचच जे यादवी युद्ध झाले, ज्यात कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले एकमेकांवर उठले, त्याविषयी विचारायचेच नाही असे ठरले होते. शिवाय छापील साक्षीत प्रश्न दिसत नाहीत, नुसते सलग निवेदन दिसते. त्यामुळे साक्षीदार आपणहून काय बोलला आणि विचारल्यामुळे काय बोलला हे आज कळायला मार्ग नाही. सरांनी छापताना आपले प्रश्न काढून टाकू नयेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. भाषण जरी आले असले तरी ते कोणत्या प्रश्नाला आले हे वाचकाला दिसू द्यावे.

आता भाषेविषयी. तेथील लोकसाहित्य आयोगाने १९३५ पासून पूर्णवेळ संग्राहक नेमले. हे लोक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज घेणारे यंत्र घेऊन गावोगाव जात, म्हाताऱ्यांच्या तोंडून तासन्‌तास ऐकत, आणि नंतर शब्दन्‌शब्द बोलीत उतरवून काढत. आयरिश भाषेला जागोजागी वेगळे वळण आहे. ते संग्राहकांनी पुसले नाही. उलट उच्चार कळावेत अशा रीतीने लिहिले, आणि आज तोच त्या संग्रहाचा मोठा ठेवा मानला जातो. दुर्दैवाने नळकांडी महाग असल्यामुळे मजकूर उतरवून झाला की ती तासून पुन्हा वापरत. परिणामी शब्द राहिले आणि बरेचसे आवाज गेले. आपल्याला मोबाईलमुळे तासायची गरज नाही, हे आपले भाग्य.

ब्लास्केट बेटावरच्या पेग सेअर्स या म्हातारीचे उदाहरणही येथे लागू पडेल. तिने आपले आयुष्य मुलाला तोंडी सांगितले, त्याने ते लिहून घेतले आणि १९३६ साली त्याचे पुस्तक निघाले. पुढे ते शाळेत सक्तीचे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याच्या नावाने बोटे मोडली. त्या पुस्तकातली पेग सोशीक, देवभीरू आणि रडवी वाटते. संग्राहकांनी तिच्याकडून नोंदवलेल्या शेकडो कथांतली पेग मात्र मिस्कील आणि तिखट आहे. बाई एकच, ऐकणारे वेगळे. तेव्हा आपल्या माणसांचे "करून टाकलो", "येतो म्हणालेला की", "बेकार तरास झाला बघ" हे तसेच ठेवा. कानडी शब्द अडला तर अर्थ शेवटी द्या. ते पुस्तकी मराठीत आणले की काकांच्या जागी एखादा पुण्याचा निवृत्त कारकून बोलू लागेल.

आणखी एक. १९३७ ते १९३९ या काळात त्याच आयोगाने सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांना कामाला लावले. मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचे आणि वहीत लिहायचे. त्या संग्रहाची पाने ७,४०,००० च्या घरात जातात. मास्तरांना जे सांगायला माणूस संकोचतो ते नातवाला सहज सांगतो. तुम्ही तर शिक्षकच, हायस्कूलमधली दोन मुले बरोबर घ्या.

कोर्टाच्या आवारातून

वरील सर्व सूचना मोलाच्या आहेत, पण काका ज्या आंदोलनाविषयी बोलणार आहेत ते पाहता एक इशारा दिल्याशिवाय राहवत नाही. मी वकिली करतो, त्यामुळे माझे लक्ष नेहमी करारनाम्यातील शेवटच्या ओळीकडे जाते.

अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्या दोन्ही बाजूंच्या माजी कार्यकर्त्यांच्या सविस्तर ध्वनिमुद्रित मुलाखती करवल्या. आपण जिवंत असेपर्यंत हे कोणालाही दिले जाणार नाही, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. या भरवशावर माणसे अशा गोष्टी बोलली, ज्या त्यांनी घरातही सांगितल्या नव्हत्या. मुलाखती दिलेल्यांपैकी दोघे वारले आणि २०१० साली त्यांच्या मुलाखतींवरून एक पुस्तक निघाले. मग २०११ मध्ये, दहा मुलांच्या आईला १९७२ साली पळवून ठार मारल्याच्या प्रकरणाचा तपास करणाऱ्या उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी अमेरिकी न्यायालयामार्फत त्या टेप मागितल्या. विद्यापीठाने आणि मुलाखतकारांनी विरोध केला, पण काही टेप द्याव्या लागल्याच. प्रकल्पाच्या संचालकाशी झालेल्या करारात गोपनीयता 'अमेरिकी कायदा परवानगी देईल तेथवर' अशी मर्यादा होती, आणि मुलाखत देणाऱ्यांनी सही केलेल्या कागदावर ती मर्यादा लिहिलेली नव्हती. एका ओळीचा फरक, पण त्यावर माणसांची आयुष्ये टांगली गेली. २०१४ साली विद्यापीठाने ज्यांना हव्या असतील त्यांना टेप परत देण्याचे जाहीर केले.

याचा शेवट अधिकच विचित्र आहे. २०१९ मध्ये एका वृद्ध आरोपीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी अशीच एक टेप पुरावा म्हणून घेण्यास नकार दिला. मुलाखतकार स्वतः आरोपीच्याच सशस्त्र संघटनेत असलेला माजी कैदी होता, त्याची स्वतःची ठाम राजकीय मते होती आणि त्याचे प्रश्न उत्तराला वळण देणारे होते, असा आक्षेप तेथे टिकला. म्हणजे जी मुलाखत गुप्त राहायला हवी होती ती गुप्त राहिली नाही, आणि न्यायालयात आली तेव्हा विश्वासार्हही ठरली नाही. वेदगंगांनी सांगितलेल्या सरकारी साक्षी चाळीसहून अधिक वर्षे कुलपात राहिल्या आणि हे वचन दहा वर्षेही टिकले नाही, हा फरक ध्यानात घ्यावा.

आपल्याकडची प्रकरणे त्या तोडीची नाहीत, हे मला मान्य आहे. पण सीमाभागात खटले वर्षानुवर्षे चालतात, आणि कोण कोणाबरोबर कोठे होते हे वाक्य स्मरणिकेत छापले गेल्यावर परत घेता येत नाही. तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. काकांना "हे कोणालाही सांगणार नाही" असे म्हणू नये, कारण ते आपल्या हातात नसते. दुसऱ्या हयात माणसाचे नाव आले तर त्या माणसाला विचारल्याशिवाय ते छापू नये. आणि छपाईपूर्वी मजकूर काकांना वाचून दाखवून त्यांची सही घ्यावी. वाचून दाखवावा म्हणतो, नुसता वाचायला देऊ नये, कारण पुष्कळ जण चष्मा सापडत नाही म्हणून न वाचताच सही करतात.

टिळकवाडीची वाचक

वकीलसाहेबांचे म्हणणे पटले, पण त्यामुळे सर घाबरून जाऊ नयेत एवढेच वाटते. ओड्रिस्कॉल आणि हीनी यांच्यात लेखी व्यवहार होता म्हणून उत्तरे आपोआपच दोनदा तपासली जात होती. वाचून दाखवण्याने तेच साधेल.

जुना आवाज

वाचून दाखवताना माणसे सर्वांत जिवंत वाक्य काढून टाकायला सांगतात, हा माझा अनुभव आहे. घड्याळाचे वाक्यही काका काढायला सांगतील, लिहून ठेवा. अशा वेळी हट्ट करू नये, पण "का काढायचे?" एवढे जरूर विचारावे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार मानतो. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्यंतरी मी पुन्हा काकांकडे जाऊन आलो.

या वेळी आठवीतली एक मुलगी, काकांची शेजारीण, बरोबर नेली. पंखा बंद केला, टॉवेलची घडी करून तिच्यावर मोबाईल ठेवला, आणि चहा येण्याआधीच काकांना दाखवून तो चालू केला. त्यांनी विचारले, "हे कुठं कुठं जाणार?" मी वकीलसाहेबांचा सल्ला आठवून सांगितले की, गावात छापले जाईल आणि छापल्यावर कोठे जाईल ते माझ्या हातात नाही. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग नावं घेत नाही. बाकी सांगतो की." मागच्या वेळी असे काही सांगितले असते तर ते बोललेच नसते अशी माझी समजूत होती, पण ते त्या दिवसापेक्षा मोकळे बोलले.

आंदोलनाविषयी मी काही विचारले नाही. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवून त्या मुलीनेच विचारले, "आजोबा, हे घड्याळ कुठलं हो?" मग पुढची वीस मिनिटे ते घड्याळाचा पट्टा, सासऱ्यांनी त्यासाठी विकलेले भाताचे पोते, तुरुंगाच्या दारातली नोंदवही, आणि वेळ कळण्यासाठी बराकीच्या भिंतीवर सरकणारे ऊन पाहण्याची लागलेली सवय यांविषयी बोलत होते. दोनदा मला मध्ये बोलण्याची ऊर्मी आली. मॅरियनबाईंची आठवण ठेवून मी तोंड मिटून बसलो. एकदा ते इतका वेळ थांबले की मुलगी माझ्याकडे बघू लागली. नंतर ते जे बोलले ते मात्र त्यांनी वाचनाच्या वेळी काढायला सांगितले, आणि का काढायचे हे विचारल्यावर नुसते काकूंकडे बघितले. मी ते काढले आहे.

घड्याळ राहिले आहे. मजकूर त्यांच्याच बोलीत, प्रश्नांसह छापणार आहोत. मुलीचा प्रश्न मुलीच्या नावाने. पुढच्या रविवारी बिडी कारखान्यात चाळीस वर्षे काम केलेल्या आजींकडे जायचे आहे, आणि त्यांच्याकडे पाने कापायची जुनी कात्री अजून आहे असे कळले आहे.